वाचकांचे प्रश्न : फाउंड्रीतील भट्टी आणि भट्टीवरचा माणूस

मागील अंकात कोल्हापूर परिसरातील फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या) उद्योगाची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच कामाकडे, म्हणजे इंडक्शन भट्टी (तांब्याच्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्यातून, वीज खेळवून लोखंड वितळवणारी भट्टी) चालवण्याकडे आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आयटीआय झाल्यावर मी पाचशे किलोच्या इंडक्शन भट्टीवर मदतनीस म्हणून लागलो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले भंगार तसेच भट्टीत टाकायला सांगतात. मी हरकत घेतली तर मुकादम म्हणतात, ‘एवढ्या उष्णतेत पाणी क्षणात उडून जाते.’ त्यांचे खरे आहे का? शिवाय कधीकधी वरचे भंगार अडकून बसते आणि खाली जात नाही. तेव्हा काय करावे?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : पाणी उडून जाते, हे मुकादमांचे म्हणणे खरेच आहे, प्रश्न ते कुठून उडते याचा आहे. वितळलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब चर्रकन वाफ होऊन वरच्या वर निघून जातो. मात्र तेच पाणी भंगाराच्या तुकड्याबरोबर लोखंडाच्या पातळीखाली गेले, तर त्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढते आणि त्या वाफेला बाहेर पडायची वाट म्हणजे वर असलेले शेकडो किलो लिक्विडच (वितळलेले लोखंडच) असते. ते लिक्विड मग प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर येते. म्हणून ओलसर माल टाकायचाच असेल तर तो रिकाम्या भट्टीच्या पहिल्या चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात), सगळे घन अवस्थेत असताना टाकावा. भट्टी तापत जाते तसा तो वाळतो. एकदा तळाशी लिक्विड तयार झाले की त्यानंतर जाणारा प्रत्येक तुकडा कोरडाच असला पाहिजे, यात तडजोड नाही.

दिसणारे पाणी त्यातल्या त्यात बरे, कारण न दिसणारे अधिक घात करते. दोन्ही तोंडे चेपलेला पाइपचा तुकडा, चौकोनी नळीचा वेल्डिंगने बंद केलेला भाग, तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर, झाकण घट्ट बसलेला डबा, दाबून बांधलेला पत्र्याचा गठ्ठा आणि लेथवरून आलेले तेलकट बोरिंग (धातूचा कीस), या सगळ्यांकडे संशयानेच पाहावे. पाइपचा तुकडा उचलून कानाजवळ हलवून पाहिला तर आतले पाणी पुष्कळदा ऐकू येते. पण आवाज आला नाही म्हणून तो रिकामाच आहे असे समजू नये, कारण आत चिखल किंवा गंजाचा ओला थर असू शकतो. असा तुकडा गॅस कटरने आधी उभा चिरून घ्यावा. मात्र शॉक ॲब्सॉर्बरसारख्या तेल व दाब असलेल्या वस्तूंना कटर लावण्याच्या भानगडीत न पडता त्या सरळ बाजूला काढाव्यात. हाच नियम हत्यारांनाही लागू आहे. मळी काढायची सळई, नमुन्याचा चमचा आणि नव्याने पॅच मारलेला लॅडल (लिक्विड नेण्याचे पात्र) तापवून कोरडा केल्याशिवाय लिक्विडजवळ नेऊ नये. भट्टीखालचा खड्डाही कोरडा हवा, कारण लाइनिंग (भट्टीचे आतले अस्तर) फुटून लिक्विड खाली आले आणि तिथे पावसाचे पाणी साचलेले असले, तर एका अपघाताचे दोन होतात.

आता अडकलेल्या भंगाराविषयी. यालाच आपण ब्रिजिंग म्हणतो. वरचे तुकडे एकमेकांत गुंतून किंवा भिंतीला चिकटून छत तयार होते, आणि खालचे लिक्विड त्या छताखाली एकटेच तापत राहते. पॅनेलवर पॉवर नेहमीसारखी दिसते, पण चार्ज खाली बसत नाही, ही याची ठळक खूण. थर्मोकपल (तापमान मोजायचे साधन) खालपर्यंत पोहोचत नसल्याने तापमान किती झाले आहे ते कळत नाही. दरम्यान लाइनिंग खालून खाल्ले जाते आणि छताखाली वायूचा दाब वाढतो. अशा वेळी सर्वप्रथम पॉवर बंद करावी आणि त्याच क्षणी प्लॅटफॉर्म रिकामा करावा. वर उभे राहून सळईने ठोकणे, किंवा वजनाने खाली बसेल म्हणून आणखी भंगार टाकणे, ही दोन्ही कामे कोणीही सांगितली तरी करू नयेत. पर्यवेक्षकाच्या निर्णयाने, दूरच्या कंट्रोलवरून भट्टी सावकाश कलवली तर आतले लिक्विड छताला लागून तिथे भोक पडू शकते. तसे झाले नाही, तर भट्टी तशीच थंड होऊ द्यावी लागते. त्यात लाइनिंग जाते, एक पाळी बुडते आणि मालकांचा चेहरा उतरतो. त्याला इलाज नाही.

मुकादमांशी रोज वाद घालणे तुमच्या वयाला आणि हुद्द्याला अवघड आहे, याची कल्पना आहे. व्यवस्थित चालणाऱ्या फाउंड्रीत पद्धत अशी असते की चार्जची बकेट भट्टीवाल्याच्या नजरेखालून जाते, त्याने बाजूला काढलेला तुकडा त्या हीटपुरता (त्या एका वितळणीपुरता) कोणी परत टाकत नाही, आणि पाळी संपल्यावर बाजूला काढलेला माल पर्यवेक्षकाला दाखवला जातो. ही पद्धत आपल्याकडे लागू करावी, असे मुख्य मेल्टरांमार्फत (भट्टी चालवणाऱ्या कारागिरांमार्फत) सुचवून पाहा. भट्टीसमोर कोण उभे राहणार आहे त्यानेच काय आत जाईल हे ठरवावे, एवढी साधी गोष्ट अनेक कारखान्यांत अजून मान्य होत नाही, ही खेदाची बाब आहे.

प्रश्न : आमच्या एक टनाच्या भट्टीचे सिलिका लाइनिंग आठवडाभर ठीक चालते आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच हीटला अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडे गळत असल्याचा) अलार्म येतो. मटेरियल बदलून पाहिले, फरक पडला नाही. कारण काय असावे?
— एक मेल्टर, गोकुळ शिरगाव

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोष मटेरियलचा नसून सुट्टीनंतर भट्टी सुरू करण्याच्या पद्धतीचा दिसतो. त्यामागचे कारण थोडे खोलात जाऊन पाहणे योग्य होईल.

आपण बोरिक पावडर मिसळून जे रॅमिंग मास (लाइनिंगचे मिश्रण) ठोकतो ते मुळात क्वार्ट्झ (सिलिकाचे स्फटिक) असते. नवे लाइनिंग तापवताना ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची रचना बदलते आणि ते एकदम फुगते. म्हणून पहिल्या तापवणीत त्या टप्प्यावरून सावकाश जावे लागते, हे आपल्याला माहीत असेलच. सिंटरिंग (तापून कण एकमेकांना चिकटणे) झाल्यावर मात्र लिक्विडला लागून असलेल्या थराचे हळूहळू क्रिस्टोबलाइट (सिलिकाचेच दुसरे रूप) होते, आणि या क्रिस्टोबलाइटचा स्वभाव वेगळा आहे. थंड होताना साधारण २७० ते २०० अंशांच्या दरम्यान ते झटकन आकसते. सुट्टीच्या दिवशी आपल्या भट्टीला पडणाऱ्या भेगा याच टप्प्यात पडतात, आणि त्या पडणारच. त्या पूर्णपणे टाळता येत नाहीत. पुन्हा तापवताना त्याच टप्प्यात थर फुगतो आणि बहुतेक भेगा आपोआप मिटतात. अट एकच : भेग मिटेपर्यंत तिच्यासमोर लिक्विड असता कामा नये.

सुट्टीनंतर उत्पादन लवकर निघावे म्हणून पहिल्या मिनिटापासून पूर्ण पॉवर दिली, तर तळाचे भंगार वितळून जाते आणि भिंत मात्र अजून थंडच असते. ते लिक्विड उघड्या भेगेत शिरते आणि तिथे पात्यासारखे गोठून बसते. आता ती भेग मिटू शकत नाही. पुढच्या सुट्टीनंतर ते पाते आणखी आत सरकते आणि एक दिवस कॉइलजवळ पोहोचते. कॉइल तांब्याची, तिच्या आतून पाणी वाहणारे. पुढे काय होईल ते आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगायला नको. म्हणून थंड भट्टी आधी काठोकाठ, शक्य तितकी दाट भरावी, कमी पॉवरवर ठेवावी, आणि चार्ज तळापासून वरपर्यंत लाल होऊन भिंतही तापल्यावरच पॉवर वाढवावी. किती वेळ आणि किती पॉवर हे लाइनिंगच्या पुरवठादाराने दिलेल्या तक्त्याप्रमाणे ठरवावे आणि तो तक्ता पॅनेलशेजारी लावून ठेवावा. या कामाला जाणारा वेळ पाळीच्या नियोजनातच धरलेला हवा. तो मेल्टरने चोरून काढायचा नसतो.

भट्टी भरण्याआधी हातबत्ती घेऊन आत नीट पाहावे. केसासारख्या उभ्या भेगांची फारशी चिंता करू नये; आडवी भेग, किंवा जिच्यात लोखंडाची चमकती रेघ दिसते अशी भेग आढळली, तर त्या दिवशी भट्टी सुरू करण्याचा विचार सोडावा. लाइनिंग तोडताना तुटलेला काप हातात घेऊन निरखण्याचीही सवय ठेवावी. आतला साधारण एक तृतीयांश भाग काचेसारखा कडक, मधला भुसभुशीत पण धरून राहिलेला, आणि कॉइलच्या बाजूचा शेवटचा भाग मोकळी पावडर, असा तो दिसला पाहिजे. ही मोकळी पावडरच खरी राखणदार आहे, कारण कडक थरातली भेग पावडरीत पुढे जाऊ शकत नाही. कापात पावडर शिल्लकच नसेल तर लाइनिंग उशिरा काढले असे समजावे, मग त्यावर हीट कितीही कमी झालेल्या असोत. ‘इतक्या हीट झाल्या की लाइनिंग काढायचे’ असा ठोकताळा अनेक ठिकाणी चालतो. तो हिशेबाला सोयीचा आहे, सुरक्षिततेला पुरेसा नाही.

अलार्म येतो म्हणून अर्थ लीकेजची यंत्रणा बायपास करण्याचे प्रकार कानावर येतात. आपण तसे करत नसाल अशी खात्री आहे, तरी इतर वाचकांसाठी नोंदवतो की ही यंत्रणा लिक्विड कॉइलच्या दिशेने सरकल्याची आगाऊ सूचना देते, आणि लाइनिंगच्या तळातून जाणाऱ्या स्टेनलेस तारा लिक्विडला टेकलेल्या असतील तरच ती खरे बोलते. नवे लाइनिंग करताना त्या तारा वर आलेल्या आहेत ना, हे स्वतः पाहावे. वीज गेल्यावर कॉइलमधले पाणी चालू ठेवणारी टाकी किंवा डिझेल पंपही महिन्यातून एकदा प्रत्यक्ष चालवून पाहणे आवश्यक आहे.

प्रश्न : मोल्डिंगला उशीर झाला की आम्ही लिक्विड भट्टीतच धरून ठेवतो. नंतर स्पेक्ट्रोवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन कमी आणि सिलिकॉन जास्त येतो, आणि बोल भट्टीवाल्याला लागतो. आम्ही काही टाकलेले नसताना हे कसे होते?
— दोन वाचक, कागल

उत्तर : सिलिकॉन आपल्या लाइनिंगमधून येतो. लाइनिंग म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. लिक्विडचे तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की लोखंडातला कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि सुटा झालेला सिलिकॉन लोखंडात विरघळतो. ही मर्यादा लोखंडातल्या कार्बन-सिलिकॉनच्या प्रमाणानुसार बदलते. नेहमीच्या ग्रे आयर्नसाठी (करड्या ओतीव लोखंडासाठी) ती साधारण १४०० ते १४५० अंशांच्या आसपास असते. त्याखाली ही क्रिया उलटी जाण्याकडे कल असतो. म्हणजे १५०० अंशांवर अर्धा तास धरलेले लिक्विड कार्बनही गमावते, लाइनिंगही खाते आणि विजेचे बिलही वाढवते. एक टन लोखंड वितळवायला एरवीच साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात. झाकण उघडे ठेवून धरलेल्या लिक्विडचे युनिट वेगळे.

उपाय मोल्डिंगच्या बाजूने सुरू होतो. साचे तयार असल्याचा निरोप आल्यावरच टॅपिंगच्या (भट्टीतून लिक्विड काढण्याच्या) तापमानाकडे जावे, तोवर खालच्या तापमानावर झाकण लावून थांबावे. धरून ठेवावेच लागले तर टॅपिंगआधी पुन्हा नमुना घ्यावा, कार्बन कमी असेल तर कार्ब्युरायझर (कार्बन वाढवणारा पदार्थ) टाकून ढवळू द्यावे. स्पेक्ट्रोचा निकाल येईपर्यंत पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून मोडून पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे : पाचरीच्या टोकाला पांढरी, चकचकीत पट्टी नेहमीपेक्षा रुंद दिसली, तर लोखंड कडक होण्याकडे झुकले आहे असे समजावे. लिक्विड किती वाजता तयार झाले आणि किती वाजता ओतले, या दोन वेळा हीटच्या नोंदवहीत लिहिल्या तर बोल कोणाला लावायचा हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटेल.

प्रश्न : माझे यजमान बरीच वर्षे भट्टीवर काम करतात. घरी आल्यावर डोळे चुरचुरतात, उन्हाळ्यात पायात गोळे येतात. निळ्या काचेचा चष्मा ते वापरतात. लाइनिंग तोडण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. अलीकडे कोरडा खोकला आहे. मिठाच्या गोळ्या द्याव्यात का, आणि कोणत्या तपासण्या कराव्यात?
— एक वाचक भगिनी, हातकणंगले

उत्तर : ताई, आपण विचारलेल्या गोष्टींत खोकल्याला सर्वांत आधी महत्त्व द्यावे लागेल. जुने लाइनिंग तोडताना उडणारी धूळ ही बारीक सिलिकाची धूळ असते. ती वर्षानुवर्षे फुफ्फुसांत गेल्याने सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्याच्या रुग्णाला क्षयरोग होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी लवकर करून घ्यावी, आणि डॉक्टरांना ‘फाउंड्रीत काम करतात’ एवढेच न सांगता ‘सिलिकाचे लाइनिंग तोडतात’ असे स्पष्ट सांगावे. नाहीतर साध्या खोकल्याचे औषध मिळून वेळ जातो. सिलिकोसिस हा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानलेला आहे. यजमान कामगार राज्य विमा योजनेत असतील तर तपासणी, उपचार आणि पुढील लाभ त्या योजनेतून मिळतात. पगारातून पाऊण टक्का कपात होते का, हे वेतनचिठ्ठीवर पाहता येईल. लाइनिंग तोडताना तोंडाला रुमाल बांधणे निरुपयोगी आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक धुळीसाठीचा मास्क हवा, आणि शक्य तिथे धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी. ती देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. मागणी करूनही दाद मिळत नसेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

डोळ्यांबाबत : तप्त धातूतून निघणारे अवरक्त किरण दिसत नाहीत, पण डोळ्यातल्या भिंगावर त्यांचा परिणाम साठत जातो, काच आणि लोखंड वितळवणाऱ्या कामगारांना लवकर होणारा मोतीबिंदू वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. निळ्या काचेने झगमग कमी वाटते, लिक्विडचा रंग नीट पारखता येतो, म्हणून भट्टीवाल्यांना ती आवडते. मात्र काच निळी आहे म्हणून ती अवरक्त किरण अडवतेच असे नाही. किरण अडवण्याचा दर्जा छापलेला चष्माच घ्यावा, आणि वर्षातून एकदा नेत्रतपासणी करावी.

पायातले गोळे घामातून गेलेल्या पाण्या-मिठामुळे येत असण्याची शक्यता मोठी आहे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. दोन वेळचे व्यवस्थित जेवण आणि मधे मीठ घातलेले ताक किंवा कोकम सरबत एवढे बहुतेकांना पुरते. मिठाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, विशेषतः रक्तदाब असेल तर मुळीच नाही. डब्यासोबत ताकाची बाटली देत असाल तर ती भट्टीपासून दूर, सावलीत ठेवायला सांगा. लांब सुट्टीवरून परतल्यावर पहिला आठवडाभर भट्टीसमोरचा वेळ हळूहळू वाढवावा, कारण उष्णतेची सवय मोडलेली असते. काम करताना कोणी गोंधळल्यासारखे बोलू लागला, अडखळू लागला किंवा कोसळला, तर पाणी पाजण्याच्या प्रयत्नात वेळ न घालवता त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत रुग्णालयात न्यावे.

कपड्यांचा खर्च आपल्या हातात असेल म्हणून एक सूचना. टेरीकॉटची पँट आणि नायलॉनचे मोजे भट्टीवर अजिबात नकोत; ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतात. जाड सुती कपडे द्यावेत, आणि पँटचे पाय बुटात न खोचता बुटावरून खाली सोडलेले असावेत.

प्रश्न : मुलाने फाउंड्रीमनचा ट्रेड करावा की नाही? भट्टीचे काम यंत्रेच करू लागतील, असे ऐकतो.
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : चार्ज टाकणे, ओतणे, तापमान नोंदवणे ही कामे मोठ्या कारखान्यांत यंत्रांकडे जात आहेत आणि ते चांगलेच आहे. मात्र भंगार पारखणे, लाइनिंगची अवस्था ओळखणे आणि हीट थांबवायची की नाही हे ठरवणे, यासाठी जाणकार माणूस लागतोच, आणि तसे मेल्टर सहज मिळत नाहीत, अशी तक्रार फाउंड्रीचालक नेहमी करतात. ट्रेडनंतर शिकाऊ उमेदवारी अशा फाउंड्रीत करावी जिथे स्पेक्ट्रो आहे आणि नवख्याला त्याचे निकाल वाचू देतात. आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला मिळायला हवा, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा. पहिल्या नोकरीत ते सांगणारा कोणी भेटेलच असे नाही.

प्रश्न : मला पेसमेकर बसवला आहे. माझे काम स्टोअरमध्ये असते, पण भंगाराचे वजन नोंदवायला भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर जावे लागते. चालेल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : जाऊ नये. भट्टीच्या कॉइलभोवती आणि तिला जोडणाऱ्या केबलभोवती तीव्र चुंबकीय क्षेत्र असते आणि त्याने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून तसे लेखी घेऊन व्यवस्थापनाला द्यावे आणि वजनाची नोंद काट्यापाशीच करून घ्यावी. इतरांनीही प्लॅटफॉर्मवर जाताना अंगठी, कडे आणि धातूचा पट्टा काढून ठेवावा, कारण चालू कॉइलजवळ ते अंगावरच तापू शकतात.